तीस टक्क्यांचा आकडा आणि हिशेबाबाहेर राहिलेली बस

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात शाळांच्या अर्थसंकल्पाचे दिवस जवळ आले की एक दावा नव्याने फिरू लागतो, आणि इथल्या मराठी पालकांमध्येही तो मोठ्या विश्वासाने पुढे पाठवला जातो. दावा थोडक्यात असा : चार्टर शाळा सार्वजनिक असूनही त्यांना प्रत्येक विद्यार्थ्यामागे स्कूल डिस्ट्रिक्टच्या (म्हणजे त्या भागातील सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेच्या) शाळांपेक्षा तीस टक्के कमी सरकारी पैसा मिळतो, मूल चार्टरमध्ये गेले की डिस्ट्रिक्टचा खर्चही तेवढाच कमी होतो, त्यामुळे डिस्ट्रिक्टने कुरकुर करण्याचे कारण नाही, आणि इतकी गैरसोय सोसूनही चार्टर शाळा तशाच मुलांना कमी पैशात अधिक शिकवतात. मी चार्टर शाळांच्या विरोधात नाही. आपल्या मुलासाठी वेगळी शाळा शोधणाऱ्या आईवडिलांची धडपड मला मनापासून समजते. परंतु या दाव्याच्या आधारे लोक मत बनवतात, मतदान करतात आणि शाळेचा कर वाढला की शेजारच्या शाळेला दोष देतात, म्हणून तो तपासून पाहणे आवश्यक आहे.

महाराष्ट्रातील वाचकांसाठी आधी थोडी पार्श्वभूमी. चार्टर शाळा म्हणजे सरकारी पैशावर चालणारी, फी न घेणारी, पण स्वतंत्र संस्थेच्या कारभाराखालची शाळा. १९९१ मध्ये मिनेसोटा राज्याने तिचा पहिला कायदा केला आणि १९९७ मध्ये पेनसिल्व्हेनियाने. आपल्याकडची अनुदानित खासगी शाळा डोळ्यांपुढे आणली तर कल्पना येते, मात्र एक फरक कळीचा आहे. अनुदानित शाळेतील शिक्षकांचे पगार महाराष्ट्र शासन देते, शेजारच्या जिल्हा परिषद शाळेच्या तिजोरीतून ते जात नाहीत. पेनसिल्व्हेनियात चार्टर शाळेचे बिल थेट त्या स्कूल डिस्ट्रिक्टकडे येते जिथे मूल राहते, आणि डिस्ट्रिक्टला ते मुख्यतः घरमालकांच्या मालमत्ता करातून भरावे लागते. पुढचे सगळे समजण्यासाठी एवढे ध्यानात ठेवावे.

आता तीस टक्क्यांकडे वळू. हा आकडा कोणी मनाने रचलेला नाही. आर्कान्सा विद्यापीठातील संशोधकांनी २०२३ मध्ये १८ शहरांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात २०१९-२० या वर्षात चार्टर शाळांना प्रत्येक विद्यार्थ्यामागे सरासरी सुमारे ७,१०० डॉलर, म्हणजे जवळपास तीस टक्के, कमी मिळाल्याचे म्हटले आहे. बेरीज-वजाबाकीबद्दल माझा वाद नाही. माझा प्रश्न असा आहे, की डिस्ट्रिक्टच्या नावावर जमा दिसणारा सगळा पैसा डिस्ट्रिक्टच्या स्वतःच्या वर्गांत बसलेल्या मुलांवरच खर्च होतो असे धरणे कितपत योग्य आहे? याच गटाच्या २०१४ च्या अहवालावर तेव्हा रटगर्स विद्यापीठात असलेले शालेय वित्ताचे अभ्यासक ब्रूस बेकर यांनी मुख्य आक्षेप हाच घेतला होता : डिस्ट्रिक्टच्या जमेत असा पैसाही मोजला जातो जो पुढे चार्टरच्या मुलांवरच खर्च होतो, आणि दोन्हीकडच्या मुलांच्या गरजा व दोन्हीकडच्या जबाबदाऱ्या सारख्या नसतात.

हे कागदावर पाहायचे असेल तर पेनसिल्व्हेनियाच्या शिक्षण खात्याचा ‘पीडीई-३६३’ हा फॉर्म पाहावा. चार्टरला प्रत्येक मुलामागे किती द्यायचे ते डिस्ट्रिक्ट या फॉर्मवर ठरवते. आधी डिस्ट्रिक्टचा एकूण खर्च मांडायचा, त्यातून प्रौढ शिक्षण, विद्यार्थी वाहतूक, विशेष शिक्षण, इमारतींचे बांधकाम आणि कर्जफेड अशा रकमा वजा करायच्या आणि उरलेल्या रकमेला विद्यार्थिसंख्येने भागायचे. नुसत्या आकड्यांची तुलना करणाऱ्याला या वजाबाकीत अन्याय दिसतो. पण वाहतुकीचा खर्च का वजा होतो? कारण डिस्ट्रिक्ट आपल्या मुलांना बस पुरवत असेल, तर आपल्या हद्दीतील आणि हद्दीपलीकडे दहा मैलांपर्यंतच्या चार्टर शाळेत जाणाऱ्या मुलांनाही पोचवण्याची जबाबदारी कायद्याने तिच्यावरच टाकली आहे. आमच्या कोपऱ्यावर सकाळी पावणेसातला डिस्ट्रिक्टची पिवळी बस थांबते आणि हिवाळ्यात त्या वेळी पुरते उजाडलेलेही नसते. तिच्यात चढणारी दोन भावंडे डिस्ट्रिक्टच्या शाळेत उतरत नाहीत, ती पुढे चार्टर शाळेच्या फाटकापाशी उतरतात. तीस टक्क्यांच्या हिशेबात त्या बसचे डिझेल आणि चालकाचा पगार डिस्ट्रिक्टच्या मुलांचे ‘जास्तीचे’ पैसे म्हणून धरले जाऊ शकतात. प्रौढ शिक्षण तर चार्टर शाळा सहसा देतच नाही. जे काम करायचे नाही त्याचे पैसे मिळत नाहीत, याला अन्याय म्हणता येणार नाही.

विशेष शिक्षणाची बाब याहून गंभीर आहे, आणि इथे तर गणित अनेकदा चार्टरच्या बाजूने झुकते. डिस्ट्रिक्टमधील १६ टक्के मुलांना विशेष शिक्षण लागते असे गृहीत धरून दर काढण्याची पद्धत कायद्यात आहे, प्रत्यक्षात तशी मुले कितीही असोत. समजा, एखाद्या डिस्ट्रिक्टमध्ये १०,००० मुले आहेत, त्यांपैकी २,००० मुलांना विशेष शिक्षण मिळते आणि त्यावर वर्षाला तीन कोटी डॉलर खर्च होतात. खरा खर्च दर मुलामागे १५,००० डॉलर झाला. सूत्र मात्र २,००० ऐवजी १,६०० ने भागते आणि १८,७५० डॉलर हा आकडा काढून तो नेहमीच्या दरात मिळवते. शिवाय आठवड्यातून अर्धा तास उच्चारोपचार लागणारे मूल आणि दिवसभर परिचारिका सोबत लागणारे मूल, दोघांसाठी चार्टरला एकच दर मिळतो, आणि अतितीव्र गरजा असलेली मुले बहुतांशी डिस्ट्रिक्टकडेच राहतात. सायबर चार्टरपुरती, म्हणजे संगणकावरून शिकवणाऱ्या चार्टर शाळांपुरती, या सूत्रात २०२४ मध्ये दुरुस्ती झाली, पण दोन दशकांत व्हायचे ते नुकसान होऊन गेले होते.

पेनसिल्व्हेनियातीलच चेस्टर अपलँड या गरीब डिस्ट्रिक्टची कहाणी यातूनच घडली. तिथली निम्म्याच्या आसपास मुले चार्टरमध्ये होती आणि विशेष शिक्षणाच्या प्रत्येक मुलामागे डिस्ट्रिक्टला सुमारे ४०,००० डॉलर चार्टरला द्यावे लागत होते. २०१५ च्या उन्हाळ्याअखेरीस पगाराला पैसे उरले नाहीत, तेव्हा शिक्षकांनी आणि कर्मचाऱ्यांनी बिनपगारी शाळा उघडायचा ठराव केला. पुढे न्यायालयाच्या देखरेखीखाली तडजोड होऊन तो दर उतरवला गेला. ज्या शाळांच्या वाट्याला म्हणे चार्टरपेक्षा जास्त पैसे येतात, त्यांच्या शिक्षकांवर ही पाळी आली होती, हे विसरणे मला जमत नाही.

दाव्याचा दुसरा भाग, म्हणजे मूल गेले की खर्चही गेला, हा ऐकायला सरळ वाटतो. पण मुले एका वर्गातून एकगठ्ठा उठून जात नाहीत. साठ मुले दहा शाळांमधून आणि प्रत्येक शाळेच्या सहा इयत्तांमधून गेली, तर प्रत्येक वर्गातले एकच बाक रिकामे होते. त्या वर्गाला शिक्षक तितकाच लागतो, बॉयलर तितकाच तापवावा लागतो, आणि निवृत्त शिक्षकांच्या पेन्शनचा हप्ता तसूभरही कमी होत नाही. यथावकाश शाळा बंद करून, वर्ग एकत्र करून काही खर्च वाचतो, पण त्याला वर्षे लागतात, आणि चार्टरचे बिल दरमहा येते. कॅलिफोर्नियातील ओकलंड डिस्ट्रिक्टवर पडणारा असा निव्वळ भार वर्षाला ५ कोटी ७३ लाख डॉलर असल्याचे राजकीय अर्थशास्त्राचे प्राध्यापक गॉर्डन लेफर यांनी २०१८ च्या अहवालात मांडले. त्या अंदाजाशी मतभेद असू शकतात, पण भार आहे हे राज्यांनीच मान्य केलेले आहे. मॅसॅच्युसेट्सच्या २०१९ च्या कायद्यात चार्टरकडे वळलेल्या वाढीव रकमेची पहिल्या वर्षी १०० टक्के, दुसऱ्या वर्षी ६० आणि तिसऱ्या वर्षी ४० टक्के भरपाई डिस्ट्रिक्टला देण्याची तरतूद आहे. पेनसिल्व्हेनियाही एके काळी चार्टरवरील खर्चाचा काही भाग डिस्ट्रिक्टना परत करत असे. २०११ च्या अर्थसंकल्पात ती भरपाई, सुमारे २२ कोटी ४० लाख डॉलर, एका फटक्यात काढून टाकली गेली. आज पालक एकमेकांशी भांडत आहेत त्यामागे राज्याने काढून घेतलेला हा हात आहे, आणि फिरणाऱ्या दाव्यात त्याचा उल्लेखही नसतो.

‘कमी पैशात अधिक’ या तिसऱ्या भागाबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ‘क्रेडो’ केंद्राच्या २०२३ च्या अभ्यासात चार्टरची मुले वाचनात सरासरी १६ दिवसांच्या आणि गणितात ६ दिवसांच्या शिक्षणाइतकी पुढे आढळली, आणि शहरांतील गरीब मुलांचा फायदा याहून मोठा होता. ही चांगली गोष्ट आहे आणि ती मान्य केली पाहिजे. पण त्याच अभ्यासात घरबसल्या संगणकावर चालणाऱ्या सायबर चार्टरची मुले वाचनात ५८ आणि गणितात १२४ दिवसांनी मागे आढळली. पेनसिल्व्हेनियात सायबर चार्टरलाही विटा-सिमेंटच्या शाळेच्याच सूत्राने पैसे देण्याची पद्धत वर्षानुवर्षे चालली, त्यामुळे त्याच धड्यासाठी एका डिस्ट्रिक्टकडून दहा हजार डॉलरच्या आत आणि दुसरीकडून वीस हजारांच्या वर रक्कम घेतली गेली. राज्याचे महालेखापरीक्षक टिमोथी डिफूर यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये पाच सायबर चार्टरची तपासणी जाहीर केली. २०२० ते २०२३ या काळात त्यांचे उत्पन्न ४२ कोटी ५० लाख डॉलरने वाढले होते आणि शिल्लक गंगाजळी १४४ टक्क्यांनी. त्यांपैकी एका संस्थेने इमारतींची खरेदी आणि दुरुस्ती यांवर १९ कोटी ६० लाख डॉलर घातले होते. हे सगळे कायद्याला धरूनच झाले, असेही त्यांनी सांगितले, म्हणजे दोष कायद्याच्या सूत्रात आहे.

दाव्यातला एक धागा मात्र खरा आहे. चार्टर शाळेला कर लावता येत नाही, इमारतीसाठी डिस्ट्रिक्टसारखे कर्जरोखे काढता येत नाहीत, आणि ‘पीडीई-३६३’ मधून बांधकाम व कर्जफेड वजा होत असल्याने लहान, प्रामाणिक चार्टर शाळा भाड्यापायी वर्गातल्या पैशाला हात घालते. वॉशिंग्टन राज्यात तर स्थानिक शालेय कराचा वाटाच चार्टरला मिळत नाही, आणि तिथल्या पालकांची तक्रार मला रास्त वाटते. इमारतींसाठी राज्याने चार्टरला वेगळा, पारदर्शक निधी द्यावा, सायबर चार्टरचा दर प्रत्यक्ष खर्चावर ठरवावा, विशेष शिक्षणाचे पैसे मुलाच्या खऱ्या गरजेनुसार द्यावेत आणि २०११ मध्ये बंद केलेली भरपाई पुन्हा सुरू करावी. या चारही मागण्या चार्टरच्या आणि डिस्ट्रिक्टच्या पालकांना एकत्र सही करून राज्याच्या राजधानीला, हॅरिसबर्गला, पाठवता येतील, आणि डिस्ट्रिक्टच्या पुढच्या बोर्ड मीटिंगला मी त्याचा मसुदा घेऊन जाणार आहे.