पक्षी उडवायला येणाऱ्यांनी घरीच राहावे

गेल्या रविवारी सकाळी नाशिक जिल्ह्यातल्या नांदूरमधमेश्वर पक्षी अभयारण्यात, चापडगावच्या काठावर एका सुखवस्तू, शिकल्यासवरल्या गृहस्थाने पट्टकादंब या रानहंसांच्या थव्याच्या दिशेने दगड भिरकावले. का, तर पक्षी बसून होते आणि त्याला ते उडताना हवे होते. मोबाइल तिपाईवर लावलेला, पत्नी पाण्याकडे पाठ करून हात पसरून उभी, आणि थवा नेमका तिच्या मागून उठला पाहिजे, एवढ्यासाठी हा सगळा उद्योग चालला होता. आधी टाळ्या झाल्या, मग शिट्ट्या झाल्या, मग सातआठ वर्षांच्या मुलाला "जोरात ओरड रे" असे सांगून झाले, आणि एवढ्यानेही पक्षी हलले नाहीत तेव्हा बापाने वाकून दगड उचलला. दगड थव्यापर्यंत पोहोचणे शक्यच नव्हते. तो उथळ पाण्यात पडला, पण त्या आवाजाने जवळचे वारकरी, म्हणजे काळे पाणपक्षी, पाण्यावर पाय आपटत धावत सुटले, त्यांच्यामागून थापटे बदके उठली, लांब पायांचे शेकाटे कलकलाट करत उठले, आणि शेवटी पट्टकादंबांचा अख्खा थवा उठून दुर्बिणीतूनही धड दिसणार नाही अशा पलीकडच्या काठाला जाऊन उतरला. पहाटेपासून थंडीत आवाज न करता उभे राहिलेल्या आम्हा सगळ्यांची सकाळ तिथेच संपली. चित्रण मात्र त्याला पसंत पडले नाही, म्हणून त्याने दुसरा दगड उचलला.

मी त्याला हटकले. "अहो, काय करताय हे? अभयारण्य आहे." त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, जणू मीच त्याच्या अंगणात शिरलो होतो. "काका, उडाले तर काय बिघडलं? पंख कशाला दिलेत देवाने?" सोबतची मंडळी हसली. मी पुन्हा बोललो तेव्हा "तिकीट काढून आलोय आम्ही" असे सुनावले गेले, आणि त्यानंतर "पक्षी काय तुमच्या मालकीचे आहेत का?" हा प्रश्न आला. तिकिटाचा हा मुद्दा मी आता इतक्यांदा आणि इतक्यांच्या तोंडून ऐकला आहे, की तो ऐकताच माझे डोके फिरते. तिकीट हे आत येऊन पाहण्याचे असते. आतल्या जिवांना नाचवण्याचा परवाना त्यावर कुठेही छापलेला नसतो.

पंख कशाला दिले आहेत, हे मला त्याला सांगायचे होते आणि रागाच्या भरात नीट सांगता आले नाही, म्हणून इथे सांगतो. हा पट्टकादंब मध्य आशियातून आणि तिबेटच्या पठारावरून हिमालय ओलांडून इकडे येतो. रात्री शेतांत चरतो आणि दिवसा पाण्याकाठी विसावतो. हा विसावा म्हणजे त्याचा आळस नव्हे. थंडी सरली की पुन्हा तोच हिमालय उलट दिशेने पार करायचा असतो, आणि त्यासाठी लागणारी चरबी त्याला याच दोनतीन महिन्यांत अंगावर चढवायची असते. प्रत्येक विनाकारण उड्डाणात त्यातली थोडी खर्च होते. दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी डोक्यावरून गेला की बदके उठतात, हे खरे आहे, पण ती घटकाभरात त्याच जागी परत बसतात. माणसाने काठावरून पिटाळले की ती जागाच सोडतात, आणि सुटीच्या दिवशी सकाळपासून दुपारपर्यंत दर अर्ध्या तासाला नवी मंडळी येऊन तेच करत असतील, तर त्या पक्ष्यांनी विसावायचे कधी?

आणि ही बाब केवळ सभ्यतेची नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 च्या कलम 27 मध्ये अभयारण्यातल्या वन्य प्राण्याला छळण्यास आणि तिथल्या आवारात कचरा टाकण्यास स्पष्ट मनाई आहे. नांदूरमधमेश्वर 1986 पासून अभयारण्य आहे. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळच्या बंधाऱ्यामागे साठलेल्या पाण्याने आणि गाळाने ही पाणथळ तयार झाली. तिथे अडीचशेहून अधिक जातींचे पक्षी नोंदले गेले आहेत आणि राज्यातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, म्हणून 2020 मध्ये तिचे नाव जाहीर झाले. त्या वेळी याच लोकांनी अभिमानाचे संदेश एकमेकांना पाठवले होते. त्या अभिमानाचे पुढे काय झाले, तर गाड्या वाढल्या, थर्माकोलच्या पत्रावळी वाढल्या आणि मनोऱ्यावर उभे राहून मोठ्याने व्हिडिओ कॉल करणारे वाढले.

मनोऱ्याचा विषय निघालाच आहे, तर त्या ब्लूटूथ स्पीकरबद्दलही बोलतो. निरीक्षण मनोऱ्यावर गाणी लावणारा माणूस मला त्या दगड मारणाऱ्यापेक्षा काडीचाही कमी गुन्हेगार वाटत नाही. जिथे जांभळ्या पाणकोंबडीचे घोगरे ओरडणे आणि पाणवनस्पतींवरून चालणाऱ्या कमळपक्ष्याचा आवाज कानावर पडावा, तिथे लग्नाच्या वरातीतली गाणी ऐकावी लागतात. लग्नावरून आठवले, ते लग्नाआधीच्या छायाचित्रणाचे तांडे! पायघोळ झगे, रंगीत धूर सोडणाऱ्या नळकांड्या आणि वर घोंघावणारा ड्रोन हे सगळे नदीकाठी येते, आणि जाताना धुराची रिकामी नळकांडी तिथेच टाकून जाते. ड्रोन वर गेला की बदकांना ती घारच वाटते, हे एवढ्या महागड्या यंत्राच्या मालकाला कळू नये?

मोठ्या भिंगांचे कॅमेरे बाळगणारे आपलेच काही मित्रही मला यातून वगळता येत नाहीत. पक्ष्याच्या आवाजाची ध्वनिफीत पुन्हा पुन्हा वाजवून त्याला झुडपाबाहेर काढायचे, चिखलात उतरून घरट्याजवळ जायचे, आणि वर "निसर्गप्रेमी" म्हणून मिरवायचे, हा प्रकार दगडाइतकाच वाईट आहे. फक्त त्याचा आवाज कमी होतो. मुंबई-ठाण्याच्या खाडीत कुरव या पाणपक्ष्यांना शेव-गाठ्या फेकणाऱ्यांनाही मी याच रांगेत उभे करतो. तेलात तळलेले मीठ-मसाल्याचे बेसन पक्ष्याच्या पोटात घालून पुण्य लागते, असे यांना कोणी सांगितले, ते एकदा मला विचारायचे आहे.

गावातल्या मार्गदर्शक मुलांना हे लोक जसे वागवतात, ते पाहून तर अंगाचा तिळपापड होतो. तो मुलगा हलक्या आवाजात दाखवत असतो, की हे तलवार बदक, हा चमचा, तो चक्रवाक, आणि समोरचा माणूस विचारतो, "ते सगळं ठीक आहे, पण फ्लेमिंगो कुठे आहेत?" रोहित पक्षी त्या दिवशी नसले, तर "मग पैसे कशाचे घेतले?" असे त्या पोराला तोंडावर विचारले जाते. पक्षी कधी उतरतील, हे पाण्याची पातळी, चिखल आणि त्यातले खाद्य ठरवते. बंधाऱ्यात पाणी जास्त असले, तर चिखलाचे काठ बुडतात आणि काठावर चरणारे पक्षी दिसत नाहीत, यात त्या मुलाचा काय दोष?

गळ टाकणाऱ्या हौशी मंडळींनाही आज सोडणार नाही. अभयारण्याच्या हद्दीबाहेर, गोदावरीच्या काठाकाठाने पायी फिरताना ही मंडळी जागोजाग भेटतात. मासेमारीला माझा विरोध नाही. पिढ्यान्‌पिढ्या नदीवर जगणारा भोई आपले जाळे जिवापाड जपतो, फाटले तर विणून घेतो, कारण ते त्याचे पोट असते. हौशी माणसाचा गळ मात्र खडकात अडकला, की तो तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, दातांनी तोडतो आणि उरलेला गुंता काठावर फेकून मोकळा होतो. मी एका वंचक बगळ्याच्या पायातून असा तंगूस स्वतः कापून काढला आहे. तो पायाच्या सांध्याभोवती इतका घट्ट बसला होता, की खालची बोटे काळी पडून वाळली होती आणि कातरीचे टोक आत घालायला जागा नव्हती. पक्षी चोच उघडी ठेवून धापा टाकत होता. तंगूस सुटला, पण ती बोटे काही परत येणार नव्हती. पुढे संक्रांतीत येवल्यापासून नाशिकपर्यंत पतंग उडतात, आणि बंदी असलेला नायलॉन मांजा त्याच काठच्या बाभळींवर लोंबकळत राहतो. एवढे सगळे सोसून जे पक्षी उरतात, त्यांच्यावर यांना दगड मारायचे असतात.

मला सर्वांत जास्त संताप आला, तो त्या मुलामुळे. वडिलांनी दगड उचलण्याआधी तो कठड्याला हनुवटी टेकवून, एका बाईंनी दिलेल्या दुर्बिणीतून वारकरी बुडी मारून कुठे वर येतो, हे अगदी मन लावून पाहत होता. त्याला कोणीही गप्प राहायला सांगितले नव्हते, तो आपणहून गप्प होता. त्याच्या हातातली दुर्बीण काढून घेऊन बापाने त्याला ओरडायला लावले आणि नंतर त्याच्याही हातात दगड दिला. पक्षी पाहायला शिकलेले पोर डोळ्यांदेखत बिघडवले जात होते, आणि आम्ही सगळे भिडेखातर एकदोन वाक्यांपलीकडे बोललो नाही.

ती भीड मी आता सोडली आहे. यापुढे कलम 27 ची मराठीतली छापील प्रत माझ्या पिशवीत असेल, आणि जो कोणी दगड उचलेल, ड्रोन उडवेल किंवा स्पीकर लावेल, त्याचे चित्रण मी उघडपणे त्याच्यासमोर करीन. ते घेऊन थेट प्रवेशद्वारावर जाईन आणि लेखी तक्रारीची पोच हातात पडेपर्यंत तिथून हलणार नाही. "काका, जाऊ द्या ना" असे म्हणणाऱ्यांनी कृपया मला थांबवू नये. माझ्याबरोबर साक्षीदार म्हणून सही करावी.