प्रतिक्रियेला उत्तर: ‘गुत्ता तो गुत्ताच’

मागच्या आठवड्यात मी आयर्लंडच्या खेड्यांतल्या पबांवर ‘गावाचं माजघर’ हा लेख टाकला. त्याखाली ‘सजग वाचक’ अशी सही असलेली एक लांबलचक प्रतिक्रिया आली आहे. खाली उत्तर द्यायला बसले आणि ते आवरेना, म्हणून वेगळं लिहिते आहे. ज्यांनी प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: ‘क्रॅक’ (म्हणजे पबातल्या गप्पा, मजा) या शब्दाबद्दल मी लिहिलेलं चूक आहे, या पबांत बायकांना धड उभं करत नव्हते, मग माजघर कसलं, पब बंद पडताहेत ते बरंच आहे, रस्त्यावर माणसं मरायची थांबतील, आपल्या मालवणच्या वरदकरांनीही आयर्लंडचे पंतप्रधान असताना पब बंद केलेच की, आणि आपल्याकडे बायका आडवी बाटली करायला रांगा लावतात नि ही बाई परदेशात बसून दारूच्या आरत्या ओवाळते. मध्येच हे वाक्य: ‘गुत्ता तो गुत्ताच, ताई, त्याला माजघर म्हणण्याआधी एखाद्या दारुड्याच्या घरात चार दिवस राहून बघा, लाज वाटेल.’

आधी त्या ‘ताई’बद्दल. ‘ताई’ म्हणून सुरुवात करायची आणि त्याच वाक्यात लाज काढायची, ही कुठली रीत? मतभेद असू द्या. मी बारा वर्षं ब्लॉग लिहिते आहे, माझ्याशी भांडून मग मित्र झालेले वाचक आहेत. पण त्यांनी आपल्या नावाने भांडण केलं. तुम्ही बुरख्याआडून खडे मारणार आणि मी मात्र नावगाव, फोटो, घरदार सगळं मांडून उत्तर द्यायचं. असो.

एक गोष्ट मान्य. ‘क्रॅक’ हा शब्द मी अस्सल जुना आयरिश म्हणून सांगितला, ते चुकलं. तो मूळचा उत्तर इंग्लंड-स्कॉटलंडकडचा, आयर्लंडच्या उत्तरेतल्या अल्स्टर प्रांतामार्गे देशभर पसरलेला. त्याला आयरिश स्पेलिंगचा अंगरखा चढला तो अलीकडे. तेवढं वाक्य दुरुस्त केलं आहे. चूक झाली की कबूल करायला मला कमीपणा वाटत नाही. (बाकीच्यांनाही वाटू नये.)

आता ‘दारुड्याच्या घरात राहून बघा’.

राहिले आहे. चार दिवस नव्हे, एकोणीस वर्षं. माझे आण्णा इचलकरंजीत मागावर जॉबर होते, आणि रोज प्यायचे. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक परमिट रूम होती. काळी काच, आत लाल दिवा, दाराला जाड पडदा. नऊ वाजून गेले की आई माझ्या हातात बॅटरी द्यायची. मी पडद्याच्या आत कधी गेले नाही, पोरीने जायचं नसतं. बाहेर चपलांचा ढीग असायचा, कारण मालकाने आत नवीन फरशी बसवली होती. आण्णांच्या उजव्या चपलेचा अंगठा तुटून पुन्हा शिवलेला होता, काळ्या चपलेला तपकिरी दोरा. तो दोरा दिसला की आण्णा आत आहेत. मग मी काउंटरवरच्या पोऱ्याला हाक मारायची आणि तो पडद्यातून डोकं काढून सांगायचा, ‘आज आलेच नाहीत.’ बॅटरीचा उजेड चपलेवर, आणि हा म्हणतोय आलेच नाहीत.

तो पडदा कशासाठी होता हे मला फार उशिरा कळलं. आतला माणूस बाहेर दिसू नये म्हणून, आणि बाहेरचं कुणी आतल्याला दिसू नये म्हणून. आण्णांना ‘आता पुरे’ म्हणणारं त्या खोलीत कुणी नव्हतं. त्यांनी किती घेतली हे एका मालकाला माहीत, आणि त्याने ते बिलापुरतं माहीत करून घेतलेलं. 2009 साली लिव्हरने गेले. तेव्हा सजग वाचक, कुणाच्या घरात राहून बघायचं ते मला शिकवू नका.

2015 मध्ये नवऱ्याची नोकरी आयर्लंडच्या केरी काउंटीत, एका दूध प्रक्रिया कारखान्यात लागली आणि आम्ही लिस्टोवेलपासून वीस मिनिटांवरच्या एका गावात आलो. एक रस्ता, एक चर्च, एक शाळा, एक पोस्ट आणि पाच पब. पहिले आठ महिने मी एकाही पबच्या दारात पाय ठेवला नाही. समोरून जाताना रस्ता ओलांडायचे. मग शेजारच्या म्हाताऱ्या आजी वारल्या, आणि दफन झाल्यावर सगळं गाव चहा-सँडविचला पबमध्ये गेलं. मी दारात थांबले तर मालकीणबाईंनी हाताला धरून आत नेलं, शेगडीजवळ बसवलं. शेगडीत जळणाऱ्या पीटचा, म्हणजे दलदलीतल्या वाळवलेल्या मातीचा, धूर, ओले कोट, आणि लाल लेमोनेड पिणारी पोरं. माझी नजर खाली गेली, चपला शोधायला. कुणीच काढल्या नव्हत्या.

मालकीणबाई म्हटलं, कारण त्या पबची मालकीण अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई आहे. नवरा गेल्यावर परवाना तिच्या नावावर आला. दारावर मोठ्या अक्षरांत आडनाव आहे, आणि ते शोभेचं नाही. परवानाधारकाचं नाव दुकानावर लावायचं, असा 1872 पासून कायदाच आहे. आमच्याकडच्या त्या परमिट रूमवर कसल्याशा फुलाचं नाव होतं. मालक कोण ते मला आजतागायत माहीत नाही.

गुत्ता म्हणजे जिथे दारूच विकतात, एवढंच विकतात, ते ठिकाण. आयरिश खेड्यातल्या पबचा जन्म तसा झालेला नाही. पुढच्या भागात किराणा, मागच्या भागात बार. चहा-साखर-पॅराफिन एका काउंटरवर, स्टाउट, म्हणजे काळी बियर, दुसऱ्या. डिंगलमध्ये डिक मॅक्सच्या पबात एका बाजूला कातडी पट्टे आणि बुटांचं काम आहे, दुसऱ्या बाजूला व्हिस्की. त्याच गावात फॉक्सी जॉन्समध्ये खिळे-स्क्रू-रंगाचं दुकान आणि बार एकाच छपराखाली. टिपररीत फेदर्ड या गावी मॅकार्थीज म्हणून पब आहे, तिथे जेवण मिळतं, दारू मिळते आणि मयतीची व्यवस्थाही तेच घराणं करतं. लिस्टोवेलला जॉन बी. कीन यांनी 1955 मध्ये पब घेतला आणि आयुष्यभर चालवला. दिवसा गिऱ्हाइकांचं ऐकायचं, रात्री नाटकं लिहायची. हे सगळं तुम्हाला ‘गुत्ता’ या एका शब्दात बसतं का? बसत असेल तर बसवा, माझ्या डोक्यात ते बसत नाही.

आमच्या मालकीणबाईंचा दिवस सकाळी रेडिओ केरीवरच्या निधनवार्ता ऐकण्याने सुरू होतो. कोण गेलं, दफन कुठे, किती वाजता, सगळं त्यांना तोंडपाठ. संध्याकाळी येणाऱ्यांपैकी एक जण कोटाला पायोनियरची पिन लावतो, म्हणजे दारू न पिण्याची शपथ घेतलेला. ही चळवळ 1898 पासूनची आहे. तो रोज येतो, चहाचा एक पॉट घेतो, दोन तास बसतो. गुत्त्यात चहाचा पॉट घेऊन दोन तास बसणारा माणूस तुम्ही पाहिलात का कधी?

आणि गिनेस, ती आयरिश स्टाउट. ती एका दमात भरत नाहीत. ग्लास तिरका धरून पाऊण भरायचा, बाजूला ठेवायचा, तपकिरी उकळी खालून वर चढून काळी होईपर्यंत थांबायचं, मग वरचा फेस. कंपनीचा हिशेब 119.5 सेकंदांचा, मालकीणबाईंचा त्याहून थोडा जास्तच. या दोन मिनिटांत बाई ग्लासकडे बघत नाहीत, माणसाकडे बघतात. एका शनिवारी मी समोर बसलेले असताना एका शेतकऱ्याचा ग्लास पाऊण भरून बाजूला राहिला, उकळी बसली, आणि ग्लास तसाच राहिला. पुढे सरकवलाच नाही. तो पण काही बोलला नाही. दहा मिनिटांनी बाईंचा पुतण्या गाडीची किल्ली घेऊन आला आणि त्याला घरी सोडून आला. तो ग्लास बाईंनी सिंकमध्ये ओतला. पैसे घेतले नव्हते.

मी त्या रात्री घरी येऊन रडले. नवऱ्याला कारण सांगता आलं नाही.

तर माझं म्हणणं एवढंच होतं, आणि लेखातही तेच होतं, तुम्ही वाचलं असतंत तर: पिणारा माणूस पिणारच असेल तर तो चारचौघांच्या डोळ्यांसमोर प्यायलेला बरा. आयर्लंडमध्ये 1902 च्या कायद्याने नवा परवाना जवळपास बंदच केला. जुना एक रद्द केल्याशिवाय नवा मिळायचा नाही. म्हणून परवाना म्हणजे घराण्याची इस्टेट. मग 2000 साली नियम सैल झाला आणि देशाच्या कुठल्याही कोपऱ्यातला परवाना विकत घेऊन दुसरीकडे वापरायची मुभा मिळाली. आमच्या गावातले दोन पब बंद पडले आणि त्यांचे परवाने असेच विकले गेले. गावात सांगतात की एक डब्लिनच्या बाजूच्या सुपरमार्केटला गेला. देशात 2005 पासून दोन हजारांच्या आसपास पब बंद झालेत. पण पब गेला म्हणून दारू गेली असं तुम्हाला वाटतं का? ती बियरच्या खोक्यांतून घरी गेली. टीव्हीसमोर. पडद्याआड.

बाकीच्या मुद्द्यांकडे फार वेळ घालवत नाही.

बायकांबद्दल: हो, एके काळी बायकांना स्नगमध्ये, म्हणजे आडोशाच्या छोट्या खोपीत, खिडकीतून दारू द्यायचे. कितीतरी ठिकाणी बाईला पाइंट द्यायचे नाहीत, अर्धा ग्लास द्यायचे. मला माहीत आहे. आमच्या पबात तो स्नग अजून आहे, तिथे आता मुलं गृहपाठ करतात. पण आपल्या माजघरात तरी बाईला काय सिंहासन होतं? तो लेखाचा विषय नव्हता.

रस्त्यावरच्या मृत्यूंबद्दल कोण वाद घालतंय? 2011 मध्ये गाडी चालवणाऱ्याच्या रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा 80 मिलिग्रॅमवरून 50 वर आणली, चांगलंच केलं. केरीच्या कौन्सिलने जानेवारी 2013 मध्ये दुर्गम भागातल्यांना थोडी पिऊन गाडी चालवायला परवाना द्यावा असा ठराव केला, तो तुम्ही माझ्या तोंडावर मारलाय. पाच विरुद्ध तीन मतांनी झाला आणि पुढे काही झालं नाही. तो ठराव मी केलेला नाही. मला तर गाडीच चालवता येत नाही.

वरदकरांचं म्हणाल तर अहो, मार्च 2020 मध्ये सगळ्या जगाने दारं लावली होती! सेंट पॅट्रिक्स डे या आयर्लंडच्या मोठ्या सणाच्या दोन दिवस आधी पब बंद झाले ते कोरोनामुळे, लिओ वरदकरांचे वडील मालवण तालुक्यातल्या वराडचे म्हणून नव्हे. उलट त्यांच्याच कारकिर्दीत, जानेवारी 2018 मध्ये, गुड फ्रायडेला पब बंद ठेवण्याचा 1927 पासूनचा नियम रद्द झाला. आणि त्या कोरोनाच्या सहा महिन्यांत, सप्टेंबरच्या 21 तारखेला गावातले पब उघडेपर्यंत, आमचा चहाचा पॉटवाला किती वेळा फोन करून विचारायचा, ‘रस्त्यावर कुणी दिसतंय का?’ ते तुम्हाला सांगून उपयोग नाही.

आडव्या बाटलीबद्दल मला ऐकवू नका. माझ्या मावशीने तिच्या गावात आडव्या बाटलीवर शिक्का मारलाय आणि मी तिथे असते तर मीही मारला असता. दोनदा मारू दिला असता तर दोनदा. दोन्ही गोष्टी एकाच डोक्यात राहू शकतात. निदान माझ्या राहतात.

आईला तुमची प्रतिक्रिया फोनवर वाचून दाखवली. मागच्या उन्हाळ्यात ती इथे आली होती, तेव्हा मालकीणबाईंनी तिला शेगडीजवळ बसवून चहा दिला होता. आई म्हणाली, ‘त्या बाईला विचार, बॅटरी घेऊन पोर आली असती तर काय सांगितलं असतं.’ मी अजून विचारलेलं नाही. शुक्रवारी जाणार आहे.

तुमची प्रतिक्रिया उडवावी असं दोघातिघांनी सुचवलं. उडवलेली नाही. तुम्ही ‘गुत्ता’ तीनदा ‘गुता’ लिहिलंय, तेही तसंच ठेवलं आहे.