‘प्लॅन वाढवा, लाइव्ह तुटणार नाही’: एका फॉरवर्डला उत्तर

शाळा सुरू झाल्या की शिक्षकांच्या ग्रुपांवर एक फॉरवर्ड फिरायला लागतो. यंदा तो मला तीन ठिकाणांहून आला. एकदा तर सख्ख्या मेहुण्याकडून, ‘हे वाच, तुझं काम होईल’ अशा शेऱ्यासकट. मजकूर थोडक्यात असा: घरच्या कॉम्प्युटरवरून लाइव्ह करताना नेट तुटत असेल तर एक, प्लॅन वाढवा, १०० एमबीपीएसच्या खाली लाइव्ह होतच नाही. दोन, स्पीड टेस्ट करा, आकडा चांगला आला तर दोष कॉम्प्युटरचा. तीन, डीएनएस बदलून चार आठ (गूगलचा ८.८.८.८) टाका. चार, विंडोज तुमचं २० टक्के नेट स्वतःसाठी दाबून ठेवतं, ते सोडवा. पाच, वायफाय ‘फाइव्ह जी’वर घ्या. सहा, तरी जमलं नाही तर राउटरच्या मागचं रिसेट बटण पिनने दाबा. सात, संध्याकाळीच तुटत असेल तर तो कंपनीचा लोड, आपल्या हातात काही नाही. शेवटी हात जोडल्याचे तीन इमोजी.

मी कराडला घरून शिष्यवृत्तीच्या मुलांचे गणिताचे तास यूट्यूबवर लाइव्ह घेतो. या सातपैकी पाच गोष्टी मी स्वतः करून बसलोय, आणि एकीचे तर वर्षभराचे पैसे भरलेत.

तीच पहिली. लाइव्ह म्हणजे आपल्याकडून वर जाणारा डेटा, अपलोड. जाहिरातीतला मोठा आकडा बहुतेक वेळा खाली येणाऱ्या डेटाचा असतो. फळा आणि माझा चेहरा दाखवायला ७२०पी पुरतं, त्याला ओबीएसमध्ये (लाइव्ह पाठवायचा प्रोग्रॅम) मी बिटरेट, म्हणजे सेकंदाला जाणारा डेटा, ३००० केबीपीएस ठेवतो, म्हणजे ३ एमबीपीएस. अगदी १०८०पी केलं तरी साडेचार हजार. आवाजाचे दीडशेक धरा. तेव्हा १० एमबीपीएस अपलोड सतत मिळत असेल तर निम्मी जागा मोकळीच राहते. फायबरच्या लहानातल्या लहान प्लॅनलाही सहसा एवढं मिळतं. ‘शंभरच्या खाली होतच नाही’ हे वाक्य कुठून आलं देव जाणे.

‘सतत’ हा त्यातला खरा शब्द. माझा तास सुरू होतो तेव्हाच मुलगी क्लासहून येते, तिचा फोन वायफाय पकडतो आणि दिवसभराचे फोटो वर चढवायला घेतो. दारावरचा कॅमेरा क्लाउडवर व्हिडिओ पाठवतच असतो. विंडोजची अपडेट पुरवणारी सोय तर तुमच्या नकळत दुसऱ्यांच्या कॉम्प्युटरला तुकडे पाठवू शकते, सेटिंगमध्ये तशी परवानगी चालू असेल तर. अपलोडची वाट भरली की राउटर जास्तीचा डेटा फेकून देत नाही, रांगेत धरून ठेवतो. नरसाळ्यात घागर ओतल्यासारखं: तेल सांडत नाही, पण आत्ता ओतलेला थेंब खाली यायला वेळ लागतो. या दुखण्याला जिम गेटिस यांनी २०१० च्या सुमारास ‘बफरब्लोट’ असं नाव दिलं. प्लॅन मोठा केला तर नरसाळं मोठं होतं, एवढंच. फोटोंचा बॅकअप तासापुरता बंद ठेवायला मात्र काही पैसे पडत नाहीत.

(मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून करणाऱ्यांसाठी हिशोब: साडेचार हजार बिटरेटला तासाला २ जीबीहून थोडा जास्त डेटा जातो. रोज दीड जीबीचा पॅक असेल तर पाऊण तास व्हायच्या आतच वेग एकदम गळतो. ते ‘तुटणं’ नाही, ते संपणं आहे.)

आता स्पीड टेस्ट. तिचा निकाल खोटा नसतो, पण ती वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देते. ती दहा-पंधरा सेकंद चालते, सहसा जवळच्या सर्व्हरशी आणि एका वेळी अनेक जोडण्या उघडून. लाइव्ह म्हणजे एकच जोडणी, तीही दीड-दोन तास न तुटता टिकवायची. मधेच तीन सेकंद लाइन मेली तर टेस्टला ते दिसण्याची शक्यता कमीच, तुमच्या प्रेक्षकांना मात्र लगेच दिसतं. आणि टेस्ट चांगली आली म्हणून ‘दोष कॉम्प्युटरचा’ म्हणणं म्हणजे ताप नाही म्हणून हाड मोडलेलं नाही म्हणण्यासारखं.

कॉम्प्युटरचा दोष आहे की नाही हे ओबीएस स्वतःच सांगतं. त्यात स्टॅट्स नावाची खिडकी आहे, तिच्यात फ्रेम गळण्याच्या तीन ओळी असतात. रेंडरिंग लॅगची वाढत असेल तर ग्राफिक्स कार्ड दमलंय. एन्कोडिंग (व्हिडिओ दाबून लहान करणं) लॅगची वाढत असेल तर प्रोसेसरला किंवा एन्कोडरला झेपत नाहीये, तेव्हा ७२०पीवर या किंवा एन्कोडिंग हार्डवेअरकडे द्या. या दोन्ही प्रकारांत नेटचा काडीचा संबंध नाही. तिसरी ओळ ड्रॉप्ड फ्रेम्स, नेटवर्क. ती वाढली तरच राउटरकडे बोट दाखवायचं. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने ही खिडकी एकदा उघडली असती तर निम्मा मजकूर लिहावाच लागला नसता.

नेटच असेल तर कुठलं? घरातलं की घराबाहेरचं? यासाठी मी दोन काळ्या खिडक्या उघडतो. विंडोजचा कमांड प्रॉम्प्ट, त्यात पिंग (समोरून उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजणारी आज्ञा), मग पत्ता, मग आडवी रेघ आणि टी, म्हणजे ते थांबवेपर्यंत चालत राहतं. एका खिडकीत राउटरचा पत्ता, बहुधा १९२.१६८.१.१, आणि दुसरीत ८.८.८.८. लाइव्ह चालू असताना दोन्हींकडे नजर ठेवायची. राउटरचं उत्तर एक-दोन मिलिसेकंदांत येतंय आणि बाहेरचं उडतंय, तर प्रश्न लाइनचा, नाहीतर मघाच्या नरसाळ्याचा. राउटरचंच उत्तर तीनशे-चारशेवर जातंय, तर कंपनीला फोन करून उपयोग नाही, दोष तुमच्या खोलीत आहे.

माझ्याकडे तसंच निघालं, आणि हे सांगताना अजूनही थोडी लाज वाटते. महिनाभर माझा तास सुरू होऊन मिनिटभरात अडखळायचा. लाइव्ह नसताना सगळं गुळगुळीत, मुलं घरात सिनेमा बघत. मी प्लॅन ५० वरून १५० केला. डीएनएस बदललं. राउटर बदलला. शेवटी पिंग लावलं तेव्हा राउटरचाच आकडा दोनवरून साडेतीनशेवर आणि मग ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’. पण फक्त लाइव्हच्याच वेळी का? कारण लाइव्हबरोबर मी रेकॉर्डिंगही सुरू करायचो, ते जायचं बाहेरच्या हार्ड डिस्कवर, ती यूएसबी ३.० ची, आणि तिला खेटून वायफायचा डोंगल. यूएसबी ३.० चं काम चालू असताना २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट होतो, हे इंटेलने २०१२ मध्येच एका टिपणात मांडलं होतं. डोंगल एक मीटरच्या एक्स्टेन्शन वायरवर दूर नेला आणि त्याच दिवशी तास सुरळीत झाला. वायर दीडशे रुपयांच्या आत आली. वाढवलेला प्लॅन वार्षिक घेतला होता.

म्हणून पाचवा मुद्दा अर्धाच बरोबर. त्यातलं ‘फाइव्ह जी’ म्हणजे मोबाइलचं ५जी नव्हे, तो ५ गिगाहर्ट्झचा पट्टा. त्यात गर्दी कमी, मायक्रोवेव्ह ओव्हन आणि यूएसबीचा तो त्रास नाही, पण भिंतींपुढे तो लवकर हार मानतो. राउटर हॉलमध्ये, कॉम्प्युटर आतल्या खोलीत आणि मधे जुन्या वाड्याची दीड फुटी भिंत असेल तर २.४ च बरं, फक्त चॅनल १, ६ किंवा ११ यांतला एक ठेवा, कारण हे तिघेच एकमेकांवर चढत नाहीत. खरं उत्तर याहून कंटाळवाणं आहे: लॅन केबल. फॉरवर्डमध्ये केबलचा शब्दही नाही. घेताना आठही तारा कनेक्टरमध्ये नीट क्रिम्प केलेली, म्हणजे दाबून बसवलेली घ्या. चारच तारा लागल्या असतील तर वेग १०० एमबीपीएसवर अडकतो. लाइव्हला तोही पुरतो, पण तसा कनेक्टर बऱ्याचदा ढिलाही असतो. केबल लावल्यावर डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क कार्डाची ‘वीज वाचवायला बंद करू दे’ ही खूण काढून टाका.

तीन आणि चार लवकर उरकतात. डीएनएस म्हणजे नावावरून पत्ता शोधणं. लाइव्ह सुरू होताना ते एकदा होतं, आणि जोडणी तुटून परत लागली तर पुन्हा. मधल्या दोन तासांत त्याला कोणी विचारत नाही. फोनच्या डायरीत नंबर कुठल्या शाईने लिहिलाय यावर कॉल कट होणं अवलंबून नसतं. विंडोजच्या २० टक्क्यांची गोष्ट तर विंडोज एक्सपीच्या काळातली आहे. एखाद्या प्रोग्रॅमने अग्रक्रम मागितला तरच तो राखीव वाटा लागू होतो, एरवी सगळं नेट सगळ्यांना खुलं, असं मायक्रोसॉफ्टने तेव्हाच स्पष्ट केलं होतं. शिवाय त्यासाठी जो ग्रुप पॉलिसी एडिटर उघडायला सांगतात तो विंडोजच्या होम आवृत्तीत नसतोच. मग लोक तो कुठल्यातरी साइटवरून उतरवून घेतात, आणि तिथून नवंच प्रकरण सुरू होतं.

सहाव्या मुद्द्याचा मला राग आहे. राउटर बंद करून चालू करणं वेगळं आणि रिसेट वेगळं. बंद-चालूने काही वेळा खरंच फरक पडतो, त्याला माझी ना नाही. पिनने रिसेट केलं की त्यातलं सगळं पुसलं जातं, आणि आपल्याकडच्या बऱ्याच जोडण्यांत कंपनीने दिलेलं युजरनेम-पासवर्ड राउटरच्या पोटात भरलेलं असतं. ते गेलं की नेट अडखळत नाही, येतच नाही. रविवारी सकाळी हे केलंत तर सोमवारपर्यंत माणूस येत नाही. त्यापेक्षा यूट्यूबच्या लाइव्ह सेटिंगमधलं ‘ऑटो-स्टॉप’ बंद ठेवा. मग जोडणी मधेच गेली तरी कार्यक्रम संपल्याचं जाहीर होत नाही, ओबीएस स्वतः परत जोडून घेतं आणि मुलांकडची लिंक तीच राहते. लाइट जाण्याचा त्रास असेल तर राउटर आणि फायबरचा डबा, दोन्हींना १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावा. कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर आणि राउटर साध्या प्लगवर, असं मी तीन घरांत पाहिलंय.

राहिला संध्याकाळचा लोड. तो असतो. फायबरची एक लाइन पुढे फोडून बत्तीस-चौसष्ट घरांना दिलेली असते, रात्री आठ-नऊला सगळेच जागे असतात. पण ‘आपल्या हातात काही नाही’ म्हणण्याआधी डब्यावरचे दिवे बघा. नुसता लोड असेल तर वेग मंदावतो, एलओएसचा, म्हणजे सिग्नल गेल्याचा, लाल दिवा लागत नाही.

इचलकरंजीच्या माझ्या मावशीचं भजनी मंडळ एकादशीला लाइव्ह असतं. तिचं नेट रोज दिवे लागणीच्या वेळी तुटायचं. कंपनीने दोनदा लोड म्हणून सांगितलं, मीही तेच समजत होतो. मग गेलो तेव्हा राउटरच्या सेटिंगच्या पानावर फायबरमधून येणाऱ्या प्रकाशाची ताकद पाहिली. ती डीबीएम या मापात असते आणि उणे २७ च्या खाली गेली की डब्याला सिग्नल ओळखणं अवघड जातं. दुपारी उणे २३ होती. संध्याकाळी बघतो तर उणे २९ आणि लाल दिवा. बाहेरून येणारी फायबरची पांढरी बारीक वायर खिडकीच्या चौकटीतून आत घेतलेली, आणि मावशी नुकतीच झडप लावून आली होती, वायर तिच्यात चेपलेली.

“मावशी, खिडकी रोज याच वेळी लावतेस?”

“मग? डास येतात की रे.”

लाइनमनने दुसऱ्या दिवशी भिंतीला भोक पाडून वायर तिथून घेतली. तोवर एक भजन उघड्या खिडकीनं झालं, कॉइल लावून.