मुलाखत तोडून तुरुंग शांत होत नाही

गावच्या ग्रुपवर चार दिवसांपासून एक मजकूर फिरतो आहे: ‘जेलात मारामाऱ्या होतात कारण आत सगळे अट्टल गुन्हेगार, जन्मठेपवाले तर सगळ्यांत घातक. मुलाखती-फोन बंद करा, अंधारकोठडीत टाका, सरळ होतील.’ मुलाखतीच्या, म्हणजे कैद्याला भेटायच्या, रांगेत मी आयाबायांसोबत पुष्कळदा उभा राहिलो आहे, म्हणून लिहितो.

‘सगळे अट्टल गुन्हेगार’ हे खोटं आहे. २०२२ च्या अखेरीस देशातल्या कैद्यांपैकी जवळपास ७६ टक्के कच्चे कैदी होते, म्हणजे ज्यांच्या खटल्याचा निकालच लागलेला नाही. काहींना तर जामीन मंजूर होऊनही बाहेर येता येत नाही, कारण सातबारा घेऊन जामीनदार राहायला कोणी तयार नसतं. भूमिहीन मजुराच्या भावानं सातबारा आणायचा कुठून?

जन्मठेपवाल्यांचं उलटंच आहे. तुरुंगांच्या अभ्यासात पुन्हा पुन्हा दिसलेली बाब म्हणजे वय: विशीतली पोरं जास्त भांडतात, वय वाढतं तशी भांडणं घटतात. ज्याला आत बरीच वर्षं काढायची आहेत तो रजा आणि शिक्षेतली माफी हातची जाऊ नये म्हणून जपून राहतो. आपल्या मोर्शीच्या खुल्या कारागृहात कोण असतं, ते एकदा विचारून पाहा. चांगल्या वागणुकीचे पक्के कैदी असतात, आणि ते शेतीत राबतात.

मग भांडणं होतात कशावरून? २०२२ मध्ये देशभरात शंभराच्या जागेत सरासरी १३१ माणसं होती. नुसत्या गर्दीनंच हिंसा वाढते, असं सगळे अभ्यास सांगत नाहीत. पण मे महिन्यातलं चंद्रपूर, अकोला आठवा. त्या उकाड्यात पंख्याखालची जागा कोणाची, पाणी आधी कोण भरणार, हे कोणीतरी ठरवायलाच लागतं. शिपाई पुरेसे असले, नियम सगळ्यांना सारखा असला, तर ते प्रशासन ठरवतं. नसला, तर बराकीतला दादा ठरवतो, आणि नवख्या पोराला त्याच्या गटात जावं लागतं नाहीतर मार खावा लागतो.

आता मुलाखत. भामरागडकडच्या बाईला नागपूरला पोराला भेटायचं तर दोन-तीन दिवसांची रोजी बुडते, एसटीचं भाडं वेगळं. धान रोवायच्या दिवसांत तर वावर सोडून निघणंच होत नाही. तरी ती येते, जाळीपलीकडून घरचं सांगते, कोर्टातली पुढची पेशी कधी ते विचारते. घरच्यांची भेट होत राहते त्या कैद्यांकडून नियमभंग कमी होतो, असं अनेक अभ्यासांत आढळलं आहे. मुलाखत तोडली की पोराला दादाशिवाय कोण उरतं?

अंधारकोठडीचं म्हणाल, तर एकांतवासाची शिक्षा तुरुंग प्रशासनाला आपल्या मर्जीनं देता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं १९७८ मध्ये सुनील बत्रा खटल्यातच सांगितलं आहे.

ज्यांचं माणूस आत आहे त्यांनी हे लक्षात ठेवा: कोठडीत असलेल्या प्रत्येकाला मोफत वकिलाचा हक्क आहे. पहिलाच गुन्हा असेल आणि कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत गेला असेल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी खटले कसे चालवायचे त्या कायद्याच्या) कलम ४७९ खाली सुटकेचा अर्ज होतो. फाशी-जन्मठेपेच्या गुन्ह्यांना आणि एकाहून जास्त खटले चालू असलेल्यांना तो लागू नाही. विधी सेवेचा फोन १५१००.