मावशी की आत्या?

२००४ साली मी न्यू जर्सीत ऑनसाइट होतो. भाडं निम्मं-निम्मं, स्वयंपाक माझा, भांडी रूममेटची. रूममेट नागपूरचा. जुलैपर्यंत भांडी वेळेवर घासली जात होती, हे त्याच्या बाजूने नमूद केलं पाहिजे.

मग तो सिनेमाला गेला आणि 'हेलो २' या व्हिडिओ गेमची जाहिरात बघून आला. जाहिरातीच्या शेवटी क्षणभर एक पत्ता चमकून गेला म्हणे: आय लव्ह बीज डॉट कॉम. (हे मी फोनवर आईला सांगितलं, तर ती म्हणाली, "भाऊबीज अजून लांब आहे रे.") घरी येऊन उघडलं तर मधमाश्या पाळून मध विकणाऱ्या मार्गारेट नावाच्या बाईंची साइट, आणि तिची पार वाट लागलेली. डेना नावाची त्यांची भाची साइट सांभाळायची. तिचं म्हणणं, आंट मार्गारेटच्या साइटला कशाने तरी झपाटलंय, वाचवा.

रात्री साडेअकराला मला उठवून त्याने हे दाखवलं. मी एकच प्रश्न विचारला.

"आंट म्हणजे मावशी की आत्या?"

"त्याने काय फरक पडतो बे?"

फरक पडत नाही? आत्या असेल तर डेना तिची भाची, मावशी असेल तरी भाचीच, पण काकू असेल तर पुतणी! माणसं धड कळल्याशिवाय मी कुणाच्या संकटात पडत नाही. त्या रात्री आम्ही दीड वाजेपर्यंत भांडलो.

हा सगळा त्या गेमच्याच जाहिरातीचा भाग होता आणि ते सगळ्यांना ठाऊक होतं. पण खऱ्या साइट, खरे फोन वापरून खऱ्या जगात खेळायच्या अशा खेळांचा पहिला नियमच मुळी 'हा खेळ नाही' असा. २००१ साली स्पीलबर्गच्या एका सिनेमासाठी असाच एक खेळ रचला होता. सूत्रधारांनी तीन महिने पुरतील म्हणून बेतलेली कोडी हजारो लोकांनी मिळून एका दिवसात फोडली आणि सूत्रधारांना रात्र-रात्र जागून नवी रचावी लागली. रूममेट ही कथा एखाद्या भक्ताने पोथी सांगावी तशी सांगायचा. मी सिंककडे बोट दाखवलं की म्हणायचा, "धिस इज नॉट अ गेम." भांडी तर नव्हतीच गेम.

ऑगस्टमध्ये साइटवर अक्षांश-रेखांशांची आणि वेळांची यादी आली. २१० जोड्या. डोकी लावल्यावर कळलं की ते अमेरिकाभरचे सार्वजनिक फोन आहेत. नेमक्या मिनिटाला फोन वाजणार, कुणीतरी तिथे उभं राहून उचलायचा, पलीकडच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं, की साइटवर एका नभोनाट्याचा तुकडा उघडणार. नभोनाट्य घडतं २५५२ सालात. मला तेव्हा पुढच्या महिन्याचा व्हिसा दिसत नव्हता.

आमच्या वाट्याला हायवेलगतच्या एका पेट्रोल पंपावरचा फोन आला. वार मंगळवार. मंगळवारी माझा उपास. मी येत नाही म्हटलं, तर म्हणाला, "तिकडे फ्लोरिडात एक जण हरिकेन येत असताना फोनपाशी उभा होता, आणि तुला खिचडीची पडलीय!" खिचडी डब्यात भरून घेतली आणि निघालो.

एक लक्षात घ्या. सप्टेंबर २००१च्या अतिरेकी हल्ल्याला जेमतेम तीन वर्षं झालेली. हातात अक्षांश-रेखांशांचा प्रिंटआउट, दर मिनिटाला घड्याळ बघणं, सावळे, दाढी वाढलेले दोघे, आणि एकाच्या हातात स्टीलचा बंद डबा. मी असतो तर मीच पोलिसांना बोलावलं असतं. पंपावरचे सरदारजी (न्यू जर्सीत पेट्रोल आपल्या हाताने भरू देत नाहीत, त्यामुळे ते जागचे हलत नव्हते) आमच्याकडे दहा मिनिटं बघत होते. शेवटी जवळ आले. "बेटा, वो फ़ोन तो खराब है."

रूममेटचा चेहरा उतरला. तेवढ्यात एक गुजराती काका आले, त्यांनी कॉलिंग कार्ड खरवडलं, भलामोठा नंबर दाबला आणि त्या खराब फोनवरून राजकोटच्या कुणाच्या तरी पित्ताशयाच्या ऑपरेशनची चौकशी सुरू केली. वेळेला सहा मिनिटं उरली. काकांच्या कार्डात किती मिनिटं उरली होती, देव जाणे. रूममेट त्यांच्याभोवती घिरट्या घालू लागला, तशी काकांनी पाठ फिरवून आवाज आणखी चढवला. एक मिनिट उरलं असताना कार्ड संपलं. काका मशीनला शिवी घालून गेले आणि त्या टेन्शनने रूममेटला बाथरूमला जावं लागलं. किल्ली सरदारजींकडे.

मी एकटा. भूक लागली होती. चमचाभर खिचडी तोंडात टाकली आणि फोन वाजला.

साबुदाणा गार झाला की त्याचा गोळा होतो आणि तो टाळूला चिकटतो. हे घरोघरी माहीत आहे, सूत्रधारांना माहीत नसावं. पलीकडून बाईच्या आवाजात इंग्रजीत काहीतरी विचारलं गेलं. उत्तर मला पाठ होतं. मी म्हणालो, "म्म्." थोडी शांतता. मी दाणा गिळायची शिकस्त केली आणि पुन्हा म्हणालो, "म्म्म्." फोन ठेवला गेला.

रूममेट ओल्या हातांनी पळत आला. मी बोट वर करून 'थांब' म्हटलं. अजून गिळायचंच होतं.

त्याने बाकीच्या खेळाडूंना प्रामाणिकपणे कळवलं: फोन आला, उचलला, उत्तर 'म्म्' गेलं. दुसऱ्या दिवशी एकाने विचारलं, पहिला 'म्म्' आखूड होता का? दुसऱ्याने दोन्हींची लांबी मोर्स कोडमध्ये बसवून पाहिली. रूममेट दोन दिवस माझ्याशी बोलला नाही, आणि तिसऱ्या दिवशी बोलला तो वही-पेन घेऊन: "खरं सांग, दुसरा किती सेकंदांचा होता?"

पुढे त्या नभोनाट्याचे तुकडे जमत गेले, नोव्हेंबरात 'हेलो २' बाजारात आला. मी त्याला म्हटलं, आता तेवढं मावशी की आत्या ते विचार.

"कोणाला विचारू?" तो म्हणाला, आणि चार महिन्यांनी पहिल्यांदा कढई घासायला घेतली.