ओल तपासायला प्लास्टिकचा एक तुकडा लागतो, तेवढंही होत नाही?

"कोकणातल्या हवेला इलाज नाही हो, वहिनी." हे वाक्य पुन्हा कुणी माझ्या गॅरेजमध्ये उभं राहून म्हटलं ना, तर त्याला तिथूनच फाटकाबाहेर काढणार आहे. कोकणातली हवा काय काल आली? पावसाळ्यात देवगडात बरणीतलं मीठ पाघळतं, कपाटातल्या चपलांना बुरशी येते, वाळत घातलेला टॉवेल चार दिवस ओलाच राहतो, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. आणि इपॉक्सी फ्लोअरिंगचा, म्हणजे काँक्रीटवर रोलरने चकचकीत, कडक थर मारून देण्याचा धंदा करणाऱ्या माणसाला ते कधी आठवतं? सगळे पैसे खिशात पडल्यावर. ऑगस्टमध्ये त्याने माझ्या गॅरेजला हा थर मारला आणि ऑक्टोबरमध्ये तो उचकटला.

आमचं गॅरेज म्हणजे नुसती गाडी ठेवायची जागा नाही. एप्रिल-मेमध्ये गाडी बाहेर माडाखाली जाते आणि आत आंबा उतरतो, पेट्या तिथेच भरल्या जातात. साधं काँक्रीट कायम धूळ सोडतं, कितीही झाडा, ती धूळ फळावर बसते. म्हणून पुसता येईल अशी जमीन हवी होती. मी स्पष्ट विचारलं होतं, खाली जांभा आहे, पावसात जमिनीला ओल असते, चालेल का? आणि पाऊस संपल्यावर केलं तर? तर तो म्हणे, "वॉटरप्रूफ माल आहे, काही होत नाही. गणपतीला चाकरमानी यायच्या आत चकाचक करून देतो, नंतर तारखा मिळणार नाहीत आणि रेटही वाढेल." म्हणजे घाई त्याची, तारीख त्याची, ग्वाही त्याची. आता दोष मात्र माझ्या जमिनीचा!

वॉटरप्रूफ वरून, हो. पण पाणी येतंय खालून, त्याचं काय? जांभा म्हणजे भोकाभोकांचा दगड. वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आपल्याकडे, तोही बहुतेक सगळा चार महिन्यांत. ते पाणी जमिनीत मुरतं आणि काँक्रीटच्या बारीक छिद्रांतून वाफेच्या रूपाने वर येत राहतं. कोबा उघडा असेल तर ती ओल हवेत निघून जाते, कुणाला कळतही नाही. तुम्ही वरून इपॉक्सीने तोंड बंद केलंत की ती थराच्या खालीच अडकते आणि थर उचलते. रोलरचे दोन हात म्हणजे सगळी जाडी मिळून जेमतेम पाव मिलिमीटर. ती काय धरून ठेवणार?

आणि हे आधी कळायला कुठलं यंत्र लागत नाही, याचाच मला सगळ्यात जास्त संताप आहे. दीड फूट बाय दीड फूट पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा घ्यायचा, जमिनीवर पसरून चारी बाजूंनी टेप लावायची आणि किमान १६ तास हात लावायचा नाही. मग उचलायचा. आतून थेंब दिसले किंवा खालचं काँक्रीट काळपट पडलं तर ओल आहे, काम थांबवायचं. एएसटीएम या अमेरिकेतल्या मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या डी ४२६३ या मानकात हीच चाचणी दिलेली आहे. खर्च किती? टेपचा. ती करायला माणूस आला का? नाही. आला तो थेट डबे घेऊनच आला.

नंतर मी त्या मालाचं माहितीपत्रक शोधून वाचलं. बहुतेक कंपन्यांच्या पत्रकात असतं तेच त्यात आहे: काँक्रीटमधला ओलावा ४ टक्क्यांच्या आत, हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या खाली आणि जमिनीचं तापमान दवबिंदूपेक्षा, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होऊ लागतं त्यापेक्षा, निदान ३ अंशांनी जास्त. आता ऑगस्टमधलं देवगड धरा. हवा २८ अंश, आर्द्रता ९० टक्के. दवबिंदू येतो जवळपास २६. म्हणजे जमीन २९च्या वर हवी. सावलीतली, खालून ओली जमीन हवेपेक्षा गरम कुठून असणार? त्या दिवसांत हे काम होऊच शकत नाही, कुणीही केलं तरी. हे सगळं त्यांच्याच डब्याबरोबर छापून येतं आणि ते वाचायची जबाबदारी गिऱ्हाईकाची?

पहिला हात मारला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वर पांढुरका, बोटाला चिकटणारा थर आलेला. मी दाखवला. "सुकतंय अजून," म्हणाले. सुकत नव्हतं. हार्डनर म्हणजे इपॉक्सी कडक व्हायला त्यात मिसळतात ते, त्यातल्या अमाइन नावाच्या रसायनाची हवेतल्या ओलाव्याशी आणि कार्बन डायऑक्साइडशी क्रिया होते, त्याचा तो थर. तो कोमट पाण्याने आणि साबणाने धुऊन, पूर्ण वाळवून मगच पुढचा हात मारायचा असतो, नाहीतर वरचा थर खालच्याला धरतच नाही. यांनी त्याच्यावरूनच रोलर फिरवला. माझ्या डोळ्यांसमोर!

आणि त्याआधीची तयारी? काँक्रीटच्या वर सिमेंटची एक कमकुवत साय असते, ती डायमंड ग्राइंडरने घासून काढावी लागते, तेव्हा कुठे इपॉक्सी घट्ट बसतं. कोटेशनमध्ये ग्राइंडिंग लिहिलेलं. प्रत्यक्षात "मशीन बिघडलंय, ॲसिडने तेच काम होतं" म्हणून ॲसिड ओतलं आणि पाइप लावून धुतलं. ऑगस्टमध्ये, आधीच ओल्या असलेल्या जमिनीवर आणखी पाणी! आणि रात्रभर पंखा लावून म्हणे "कोरडं झालं". बाहेर पागोळ्या धो धो गळतायत आणि आत कोरडं झालं!

गणपतीत सगळ्यांनी वाहवा केली, करणारच, चकचकीत दिसत होतं. विसर्जन झालं आणि कोपऱ्यात, चिऱ्याच्या भिंतीकडे, वाटाण्याएवढे फुगे दिसायला लागले. एक फुगा मी नखाने दाबला. आतून पिवळसर, बुळबुळीत पाण्याची चिळकांडी उडाली, हाताला लागलं तिथे चुरचुरलं. काँक्रीटमधला क्षार आणि थरातलं न मुरलेलं रसायन त्या पाण्यात उतरलेलं असतं, ते आणखी ओल ओढून घेतं आणि फुगा मोठा होत जातो. महिन्याभरात ते फुगे खिडकीपर्यंत पसरले. मग ऑक्टोबरच्या उन्हात गाडी कणकवलीहून आणून आत लावली, सकाळी बाहेर काढली तर चारही टायरांखालचा रंग टायरांना चिकटून वर आला. खाली टायरच्या नक्षीसकट उघडं, ओलसर काँक्रीट. त्यावर पांढरा लोणासुद्धा फुटलेला.

फोन केला तर आधी उचलेनात. मग आले, बुटाच्या टोकाने एक पापुद्रा उडवला आणि म्हणाले, "तुमच्या जमिनीला ओल आहे, वहिनी." अहो, हेच तर मी विचारलं होतं ना तुम्हाला! वॉरंटीचा कागद काढला, त्यात खाली बारीक अक्षरांत "जमिनीतील ओलीमुळे झालेले नुकसान वगळून". म्हणजे ओलीमुळे हे बिघडतं हे तुम्हाला ठाऊक होतं, कागदावर छापून ठेवण्याइतकं ठाऊक होतं, फक्त मला सांगायचं नव्हतं. याला मी अडाणीपणा म्हणणार नाही. ही फसवणूक आहे.

शेजारी काम करणारे म्हातारे गवंडी तेव्हा तिथेच उभे होते. आयुष्यात इपॉक्सीचा डबा उघडला नसेल त्यांनी. जमिनीकडे बघून एवढंच म्हणाले, "खाली पाणी आसा, तां वाट काढतलांच." स्पेशालिस्टला कळलं नाही ते यांना उभ्या उभ्या कळलं.

त्यांनीच दुसरी गोष्ट विचारली, काँक्रीट ओतताना खाली प्लास्टिकचा कागद घातला होता का? नव्हता. सोलिंगवर, म्हणजे खालच्या दगडांच्या थरावर, जाड पॉलिथिन अंथरून मग काँक्रीट ओतलं असतं तर बरीचशी ओल तिथेच अडली असती. अख्ख्या घराच्या खर्चात तो कागद किती पैशांचा? पण आपल्याकडे कॉन्ट्रॅक्टरला त्याचं नाव काढलं की "हे इथे कुणी करत नाही" म्हणतात. बरोबर आहे, कुणीच करत नाही, म्हणून घरोघरी हीच रड आहे.

आता यांचं नवीन म्हणणं, "वरून अजून एक हात मारू, अर्ध्या रेटमध्ये." सुटलेल्या थरावर नवा थर! तो पहिल्यासकट उचकटणार, हे मलाही कळतं. एवढ्या पैशांत गॅरेजभर शहाबादी फरशी बसली असती आणि नातवंडांपर्यंत टिकली असती.

तर ऐका. मला तुमचा हात नको, सवलत नको, डिसेंबरमध्ये "बघू" नको. ग्राइंडर घेऊन या, चालू असलेला, आणि हा सगळा थर काँक्रीट दिसेपर्यंत घासून काढा, तुमच्या खर्चाने. भुसा पोत्यात भरून घेऊन जा, माझ्या परड्यात टाकायचा नाही. आणि पैसे परत. मार्चच्या आत, कारण त्यानंतर इथे माझा आंबा उतरणार आहे.