हाताची घडी, तोंडावर बोट

नवीन दवाखाना टाकलात, अभिनंदन. पाटी लागली, डोळा तपासायच्या यंत्राचे, स्लिट लॅम्पचे, हप्ते सुरू झाले, उतरत्या अक्षरांचा तक्ता भिंतीवर चढला. आता एकच गोष्ट शिकायची राहिली. पेशंटच्या डोळ्यात नुकता कुठे सुरू झालेला मोतीबिंदू दिसला, तर त्याला काय सांगायचं? काहीही सांगायचं नाही. मी डॉक्टर नाही, पण चार वर्षांत तीन दवाखान्यांच्या स्टुलांवर बसून ‘हनुवटी इथे टेका, कपाळ पुढे’ ऐकलेला माणूस आहे. एवढ्या अनुभवावर लोक देश कसा चालवावा हे सांगतात, मी फक्त डोळ्यांपुरतं बोलतोय.

समजा, साठीला टेकलेला माणूस आलाय. म्हणतोय, रात्री गाडी चालवताना समोरच्याचा दिवा पिंजलेल्या कापसासारखा दिसतो, खंबाटकीच्या घाटात तर जीव मुठीत धरावा लागतो. तुम्ही थेंब घालून त्याला अर्धा तास बाहेर बसवलंत, मग आत घेऊन डोळ्यातलं भिंग बघितलंत. भिंगाचा गाभा थोडा पिवळटलाय, थोडा कडक झालाय. तुम्हाला स्वच्छ दिसलं. दोघांपैकी एकाला तरी स्वच्छ दिसतंय, हे काय कमी आहे? आता मोह आवरायचा. त्याने "काही काळजीचं नाही ना, डॉक्टर?" असं विचारलंच, तर मान वर न करता म्हणायचं, "नाही नाही. वयोमानानुसार."

हा शब्द जपून वापरा, फार गुणी आहे. गुडघ्याला चालतो, कानाला चालतो, किल्ल्या कुठे ठेवल्या ते आठवत नाही त्यालाही चालतो. संस्कृत असल्यामुळे पेशंटला वाटतं की आपल्याला निदान मिळालं. ‘काळजी करू नका’ हेही त्यात आलं आणि ‘पुढे विचारू नका’ हेही आलं. शिवाय खोटं काहीच नाही. मोतीबिंदू बहुतेक वेळा वयोमानानुसारच येतो की.

खरं काय ते केस पेपरवर लिहायचं, पण आपल्या भाषेत. माझ्या पहिल्या केस पेपरवर ‘एनएस १’ असं लिहिलं होतं. घरी येऊन बायकोला दाखवलं. ती म्हणाली, "एनएस म्हणजे नथिंग सीरिअस असणार." आम्ही चहा घेतला. पुढच्या वर्षी ‘एनएस १ ते २’ झालं. नथिंग सीरिअस, पण जरा जास्त, असा आम्ही अर्थ लावला. न्यूक्लिअर स्क्लेरोसिस, म्हणजे भिंगाचा गाभा कडक होत जाणं, आणि पुढचा आकडा म्हणजे कितपत, हे कळायला मला तिसरा डॉक्टर लागला.

मधल्या काळात चष्म्याच्या दुकानदाराला विसरून चालणार नाही. गाभा कडक होतो तसा भिंगातून प्रकाश जास्त वळतो आणि मायनसचा नंबर चढत राहतो. पेशंट सहा महिन्यांनी येतो, म्हणतो पुन्हा अंधुक दिसतंय. तुम्ही ‘आता बरं, की आधी बरं?’ करत काचा बदलायच्या आणि नवा नंबर हातात द्यायचा. दुकान दवाखान्याच्या दाराशीच असेल तर उत्तम. मी चौदा महिन्यांत तीन चष्मे केले. तिसऱ्या वेळी दुकानदाराने मला न विचारता कॉफी मागवली. घरच्यासारखंच झालं होतं.

आता काही आगाऊ लोक म्हणतील की पेशंटला सांगायला हवं, डोळा त्याचा आहे. त्यांना विचारा, सांगून होतं काय? मोतीबिंदू विरघळवणारे थेंब अजून निघालेले नाहीत. सुरुवातीच्या मोतीबिंदूला ऑपरेशन लागत नाही. मग उरतं काय, तर नुसतं बोलणं. आणि बोलायला लागलात की दोन मिनिटं जातात, बाहेर पस्तीस माणसं बसलेली असतात. शिवाय ‘मोतीबिंदू’ हा शब्द घेऊन माणूस घरी गेला की संध्याकाळपर्यंत व्हॉट्सअ‍ॅपवर त्याचा मेहुणा डोळ्यात मध घालायला सांगतो. चुलत बहीण कांद्याच्या रसावर ठाम असते. कोणाला तरी काचबिंदू झालेला असतो, त्याची गोष्ट मोतीबिंदूच्या नावाने सांगितली जाते आणि घरात सुतक आल्यासारखं होतं. यापेक्षा गप्प बसणं ही सेवा नाही का? ‘यातलं काही घालू नका’ हे सांगायला आणखी अर्धं मिनिट लागलं असतं, ते वेगळं.

विम्याचाही विचार करा. बऱ्याच आरोग्य विम्यांत मोतीबिंदूचे पैसे पॉलिसी घेतल्यावर पहिली दोन वर्षं मिळत नाहीत. पेशंटला कळलं, तर त्याला ते फॉर्मवर लिहावं लागतं. कळलंच नाही, तर तो निर्मळ मनाने ‘नाही’वर खूण करतो. अज्ञानात सुख असतं म्हणतात, इथे ते कॅशलेसही असतं. पुढे क्लेमच्या वेळी कंपनी जुने केस पेपर मागते आणि ‘एनएस’ तिला बरोबर वाचता येतं. पण तोवर तो पेशंट तुमचा राहिलेला नसतो.

इतिहासही तुमच्याच बाजूचा आहे. फ्रेंच चित्रकार क्लोद मोने याला १९१२ मध्ये मोतीबिंदू असल्याचं सांगितलं गेलं. त्याने काय केलं? घाबरून अकरा वर्षं टाळाटाळ केली आणि १९२३ मध्ये ऑपरेशन करून घेतलं. मधल्या चित्रांत तपकिरी आणि लाल रंग इतका माजला की बागेला आग लागल्यासारखी वाटावी. त्या काळी भिंग काढलं की बदली घालायला काही नव्हतं, उरलेल्या आयुष्यभर जाड काचेचा चष्मा, त्यामुळे त्याची भीती अगदीच वेडगळ नव्हती. डोळ्यात कृत्रिम भिंग बसवायला लंडनच्या हॅरॉल्ड रिडली यांनी १९४९ मध्ये सुरुवात केली. पण आपल्याला एवढ्या खोलात जायचं नाही. सांगितलं तर माणूस घाबरतो, एवढंच मोनेकडून घ्यायचं.

आणि आपल्याकडे तर ‘पिकू द्या’ ही परंपरा आहे. आंबा पिकतो, केस पिकतात, तसा मोतीबिंदूही पिकतो आणि पिकल्यावर उतरवतात, हे आपल्या आजोबांपासून प्रत्येकाला ठाऊक आहे. पूर्वीच्या पद्धतीत त्याला अर्थ होता. मग १९६७ मध्ये अमेरिकेत चार्ल्स केलमन यांनी, दंतवैद्याचं दात साफ करण्याचं यंत्र बघून, अल्ट्रासाउंडने भिंग फोडून ओढून घेण्याची फेको पद्धत काढली आणि सगळा हिशेब उलटा झाला. पिकून दगड झालेलं भिंग फोडायला जास्त ऊर्जा लागते, बुबुळाला जास्त त्रास होतो. फारच पिकू दिलं तर डोळ्याचा दाब वाढून रात्रीतून भयंकर दुखणं उभं राहतं. पण ही बातमी तुमच्या वेटिंग रूमपर्यंत पोचलेली नाही, ती तुम्ही कशाला पोचवायची? २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय अंधत्व सर्वेक्षणात, पन्नाशीपुढच्या अंध माणसांपैकी जवळपास दोनतृतीयांश लोक मोतीबिंदूमुळे अंध असल्याचं दिसलं. ज्याचं ऑपरेशन सरकारी शिबिरात फुकट होतं, त्या आजारामुळे. या लोकांनी पिकू देण्याची परंपरा अगदी शेवटपर्यंत पाळली.

मौन जमत नसेल, तर दुसरा पंथ आहे, तो बोलका आहे. या पंथाचे लोक सोसायटीच्या हॉलमध्ये मोफत तपासणी ठेवतात आणि पन्नाशी ओलांडलेल्या प्रत्येकाच्या हातात चिठ्ठी देतात. "मोतीबिंदू आहे, याच महिन्यात काढून टाकू." मग तीन दरांचं लेन्सचं माहितीपत्रक येतं, त्यात सगळ्यात महागाच्या शेजारी हसणारं आजी-आजोबांचं जोडपं असतं. आमच्या शेजाऱ्यांना असंच सांगितलं. त्यांना तेव्हा चष्म्याने शेवटची ओळ वाचता येत होती. दोन्ही पंथांत एक गोष्ट सारखी, पेशंटला नेमकं किती आणि कधी, हे कळत नाही. त्यामुळे तुम्ही कुठल्याही बाजूला गेलात तरी चालेल.

कसं वागू नये, त्याचाही एक नमुना सांगतो. हा माझा तिसरा डॉक्टर. त्याने प्रिस्क्रिप्शनच्या मागे पेनाने एक डोळा काढला, त्यात मसुराच्या डाळीएवढं भिंग काढलं आणि म्हणाला, "काका, ही काच आतून पिवळी पडत चाललीय. अजून काढायची गरज नाही. रात्रीचं लांबचं ड्रायव्हिंग मुलाला द्या. साखर तपासून घ्या. वर्षाने या. पाट्या वाचता येईनात, पेपर वाचायचा कंटाळा यायला लागला, की मग बोलू." मी विचारलं, चष्मा बदलू का? म्हणाला, बदललात तर सहा महिने बरं वाटेल, बघा. हे सगळं दोन मिनिटांत. फी नेहमीचीच. चष्मा नाही, थेंब नाहीत, माहितीपत्रक नाही. असा माणूस हप्ते कसे फेडत असेल, ही काळजी मला अजून आहे.

त्याच आठवड्यात आमच्या आईने चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवला. ती त्र्याऐंशी वर्षांची आहे. मागच्या वर्षीपर्यंत दोरा ओवायला नातीला हाक मारायची. घरात कौतुक झालं, बहिणीने व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकला, खाली बेचाळीस नमस्कार आले. साजूक तुपावर वाढलेली पिढी, असं आत्याने लिहिलं. मला आता माहीत झालं होतं की हा तुपाचा नाही, मोतीबिंदूचा प्रताप आहे. गाभा कडक झाला की मायनस चढतो आणि जवळचा चष्मा सुटतो. लांबचं मात्र जातं. गेले दोन महिने आई समोरच्या बाल्कनीतल्या बाईला ओळखत नव्हती आणि ती बाई हिला शिष्ट म्हणत होती.

मी आईच्या शेजारी जाऊन बसलो. तिने गाठ मारली, उरलेला दोरा दातांनी तोडला.

"आई, सोमवारी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन येऊ."

"कशाला रे? बघितलंस ना आत्ता?"

सगळा घसा तयार करून आलो होतो. चित्र काढायला पेनही खिशात होता. ती माझ्याकडे बघत होती, आणि बेचाळीस नमस्कारांचा फोन तिच्या मांडीवर होता.

"काही नाही गं," मी म्हटलं, "वयोमानानुसार एकदा दाखवलेलं बरं."